पहिल्यापासून सांग

डॉक्टरीणबाईंना सुटकेचा आनंद म्हणून करता यायचा नाही. अडलेली बाई वाचली, मूल रडलं, नातेवाईक पेढे आणायला धावले, की या हात धुऊन लोखंडी स्टूल ओढत तिच्या उशाशी बसायच्या. "आता सांग. पहिल्यापासून." आधी काय वाटलं, कळ कुठून उठली, कोणी काय केलं. सगळं ऐकायच्या आणि तसंच लिहायच्या.

त्या खाटेवर मीही होते. आम्ही यवतमाळकडचे. नवरा हातखंब्याजवळच्या चिरेखाणीवर दगड काढायला. माझी शाळा सातवीतच सुटलेली, रत्नागिरीत ओळखीचं कोणी नाही. झोपडीतच बाळंत झाले. मुलगी आली, पण वार पडेना. आमच्यातल्या म्हाताऱ्या आजीने नाळ धरून ओढली आणि वारेमागून गर्भपिशवीच उलटी होऊन बाहेर आली, पायातून ओला मोजा ओढताना उलटा होतो तशी. टेम्पोत घालून मला बाईंकडे आणलं. त्यांनी ती पिशवी हाताने आत सारली. असं क्वचितच होतं, आणि झालं तर बाई वाचतेच असं नाही, हे मला पुढे कळलं.

शुद्धीवर आले तर स्टूल उशाशी. चुकीचं बोलले तर बाहेर काढतील, या भीतीने मी डोळे मिटून घेतले. मग बाईंनी आजीला आत बोलावलं, टेबलाच्या कडेला ओला टॉवेल अडकवला आणि म्हणाल्या, "कशी ओढलीत, दाखवा."

आजी टॉवेल धरून म्हणाली, "वार आत राहिली तं बाई मरते, म्हून ओढली."

बाई रागावल्या नाहीत. तो टॉवेल तिच्याकडून पुन्हा पुन्हा ओढवून घेतला, नीट पाहिला. "यापुढे ओढू नका. माझ्याकडे आणा," एवढंच म्हणाल्या. आजीने पुढे खाणीवरच्या बायका खरंच वेळेत आणल्या.

मला त्यांनी आया म्हणून ठेवून घेतलं. तिथल्या सिस्टर पावस गावच्या, तोंडाने फटकळ. "बाई, चाय थंड झाली. पोलीस परवडले तुमच्यापेक्षा."

"पोलिसांना चोर हवा असतो," बाई म्हणायच्या. "मला तो शिरला कुठून तेवढं हवंय."

मग एक दिवस एक कोवळी पोर बाळंतपणाला आली. नवरा मुंबईला, सोबत सासू आणि दीर. बाळंतपण सरळ झालं. मूल रडलं, तीही हसली. आणि हसता हसता तिला श्वास पुरेना. ओठ निळे पडले, मग रक्त सुरू झालं ते थांबेचना. बाईंनी करायचं ते सगळं केलं. ती गेली.

गावातले एक वडीलधारे डॉक्टर आले. हळूच म्हणाले, "आधीपासून धाप लागत होती, असं कागदात घाला. वाचाल."

"लागत नव्हती हो," बाई म्हणाल्या.

जे घडलं ते त्यांनी लिहिलं. शेवटी लिहिलं, बाळाभोवतालचं पाणी रक्तात गेलं असावं, पण खात्री देता येत नाही. तेवढंच वाक्य दिराने उचललं. "बघा, हिनेच लिहिलंय. हिलाच ठाऊक नाही." त्याच्या माणसांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या. स्टूलही मोडलं. चौकशीत बाई निर्दोष ठरल्या, तोवर ते ऐकायला कोणाला सवड नव्हती. ज्यांच्या लेकीसुनांची बाळंतपणं बाईंनी केली होती, ते बाजारात बाई समोर दिसल्या की मासे निवडायला वाकायचे. बाईंनी प्रसूतीची खोली बंद केली आणि त्या लेकाकडे पुण्याला गेल्या. आता अडलेली बाई आली की इथले डॉक्टर तिला कोल्हापूरच्या वाटेला लावतात. घाटात काय होतं, ते कोणी लिहीत नाही.

मी दुसऱ्या दवाखान्यात पुसायला आहे. इथे काही बिघडलं की कागदावर एकच ओळ येते, "अचानक तब्येत खालावली." पुढे कोणी विचारत नाही. फरशी पुसून झाली की मी त्या बाईच्या उशाशी बसते. म्हणते, सांग ताई, पहिल्यापासून. त्या सांगतात. मी सगळं ध्यानात ठेवते आणि बाईंना फोन लावते.

"बाई, आज एक वेगळीच केस झाली."

केसचा विषय सोडून त्या विचारतात, "जेवलीस का गं?"