ऑपेराला रडलेली रांग

चहा घ्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे पूर्वीसारखं बघणार नाही. मी आपणहून कधीच सांगितलं नसतं. पण आमच्या हिनं निम्म्या तळेगावाला सांगून झालंय, तेव्हा उरलेल्यांना माझ्या तोंडून कळलेलं बरं.

मला एक साडू आहेत. विनायकराव. लोणावळ्याला राहतात, कॉलेजात शिकवायचे, आता निवृत्त आहेत. माणूस अतिशय सज्जन, आणि तीच खरी अडचण आहे. दुष्ट माणसाचा हेवा चारचौघांत करता येतो. सज्जनाचा मनातल्या मनात करावा लागतो, आणि तो आतल्या आत आंबत जातो.

विनायकरावांना गाण्यातलं कळतं. लोणावळ्यात एक संगीत मंडळ आहे, त्यांचा दर हिवाळ्यात मैफलींचा हंगाम असतो. विनायकराव त्या मंडळाच्या कमिटीवर. आम्हा सगळ्यांचे पास तेच काढतात, पैसे घेत नाहीत, वर गाडी कुठं लावायची तेही फोन करून सांगतात. म्हणजे राग काढायला जागाच नाही!

मैफलीत ते पहिल्या रांगेत बसतात. डोळे मिटलेले, एक हात मांडीवर. गाणारा कुठं कुठं फिरून समेवर आला की यांचा हात नेमका मांडीवर पडतो आणि मान हलते. गाणारेसुद्धा त्यांच्याकडे बघून गातात हो. मी एकदा तसाच हात मांडीवर आपटून बघितला. हिनं घाबरून विचारलं, "काय झालं? पाय आखडला का?"

हेही मी सोसलं असतं. पण आमच्या सासूबाई! त्या टाकव्याच्या, टाकवे बुद्रुकच्या. शेती, गुरं, गावातलं भजनी मंडळ, सगळं हिमतीनं सांभाळलेली बाई. त्यांचं कौतुक मिळावं म्हणून मी लग्न झाल्यापासून धडपडतोय. तर एकदा त्यांच्या दारात बायका जमल्या होत्या आणि मी आत बसून ऐकत होतो. त्या म्हणाल्या, "आमचं थोरलं जावई गाण्यातलं लय जाणकार हायती." मग माझ्याबद्दल काही येतंय का म्हणून मी कान टवकारले. कुणीतरी विचारलंच, आन धाकटं? सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "धाकट्यांच्या गाडीत मळमळत न्हाई."

एवढं माझं कर्तृत्व.

तर गेल्या हंगामाच्या शेवटी संगीत मंडळानं ऑपेरा ठेवला. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक समजा. सगळं गाऊनच सांगायचं, भांडण असो की निरोप. परदेशातली मंडळी येणार होती. विनायकराव मोकळेपणानं म्हणाले, "त्यातलं मला काही कळत नाही बुवा."

तुम्हाला सांगतो, त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली!

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीतून आलो की मोबाईल घेऊन बसायचो. गोष्ट शोधली, वाचली, पाठ केली. नायिकेचा बाप तिचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवतो, तिचं प्रेम दुसऱ्यावर, शेवटी ती विष पिते आणि बराच वेळ गात गात मरते.

आता इथंच एक गोष्ट सांगून टाकतो, जी मला फार उशिरा कळली. ऑपेरे दोन होते. शनिवारी दुःखाचा, रविवारी विनोदी. आमचे पास रविवारचे होते, आणि मी पाठ केला होता शनिवारचा.

रविवारी मी सासूबाईंना आणायला टाकव्याला गेलो, तर त्यांच्याबरोबर अख्खं भजनी मंडळ तयार. त्या बायका जीप करून आल्या. सभागृहात ही आणि तिची बहीण विनायकरावांबरोबर पुढं बसल्या. मी सासूबाईंना म्हणालो, माझ्याशेजारी बसा, मी सगळं समजावून सांगतो. आणि त्या बसल्या! थोरल्या जावयाला सोडून. त्यांच्या पलीकडं भजनाच्या सगळ्या बायका, नऊवारीत, ओळीनं.

पडदा उघडायच्या आधी संगीत मंडळाच्या एका बाईंनी गोष्ट नीट समजावून सांगितली म्हणे. मला ऐकू आली नाही, कारण तेव्हा मी सासूबाईंच्या कानात माझी गोष्ट सांगत होतो. त्या ऐकायच्या आणि पलीकडं पोचवायच्या.

पहिलाच एक ढेरपोट्या डुलत आला. मी सांगितलं, हाच तो म्हातारा नवरा, महाकपटी. पुढं लोक हसले. सासूबाई म्हणाल्या, "लोकास्नी हसाया काय झालं?" मी म्हणालो, "शहरातली माणसं आहेत, आई. त्यांना दुसऱ्याचं दुःख दिसत नाही." भजनी मंडळानं पुढच्या रांगांकडं अशा नजरेनं बघितलं की एका गृहस्थांनी हसू आवरतं घेतलं.

नायिका आली. पोरगी गोड होती आणि आवाज असा की छपराला टेकून खाली यावा. तिनं टेबलावरचा पेला उचलला. मी सासूबाईंचा हात दाबला आणि म्हणालो, "विष."

खरं तर ते सरबत होतं. बापाला घाबरवायला ती आजारी पडल्याचं सोंग करत होती. ती पेला पिऊन मुद्दाम धाडकन पडली, सभागृहात हशा उसळला, आणि आमच्या रांगेनं पदर डोळ्याला लावले. साधं रडणं नव्हतं ते. एकीनं सूर धरला तशा बाकीच्यांनी ओढला. भजनाच्या बायका आहेत, सवय आहे. मीसुद्धा रडलो. खोटं कशाला सांगू, छान वाटत होतं. सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होत्या. विनायकरावांच्या खांद्यावर कधी टेकलं होतं का?

मग ती पोरगी उठली. उठली ती थेट नाचायलाच लागली, आणि तिचं लग्नही लागलं. सासूबाई म्हणाल्या, "मेली न्हवं ही?"

कबूल करायची ती वेळ होती. कळतं हो मला. पण इतका जवळ आलेला मान सुटेना. मी म्हणालो, "हे वर गेल्यावरचं आहे. स्वर्गातलं लग्न."

तेही रांगेत शेवटपर्यंत पोचलं, आणि रडणं दुप्पट झालं.

प्रयोग संपल्यावर गाणारी मंडळी खाली आली. ती नायिका आमच्याकडेच आली, चेहरा पडलेला. इतकं काय वाईट गायले मी, असं तिला वाटलं असणार. सासूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, "पोरी, तुझं लय वाईट झालं गं. पर मरताना बी गळा गोड ठिवलास."

तिनं गोंधळून इकडंतिकडं बघितलं. तेवढ्यात विनायकराव आले. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. मग ते तिला इंग्रजीत शांतपणे म्हणाले, आमच्या मावळात लेक सासरी निघाली की माहेरच्या बायका अशाच रडतात. यांनी तुम्हाला आपली लेक मानलंय.

त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं एकेका बाईला मिठी मारली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. फोटो निघाले. मधोमध विनायकराव. मी फोटोत नाही, कारण माझ्याकडं बायकांच्या पिशव्या होत्या.

पाठ मी केलं, रांग मी रडवली, आणि टाळ्या त्यांना. तेही ज्यातलं त्यांना काही कळत नाही त्यात!

परतताना गाडीत हिनं सगळा उलगडा केला. मी सासूबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, पोरगी जित्ती हाय ना, मग झालं तर. टाकवं आल्यावर पिशवी घेऊन तडक घरात गेल्या.

पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. भावकीतले एक म्हातारे गेले होते, त्यांचा दहावा होता. मी म्हणालो, विनायकरावांना कळवलंय का? तर म्हणाल्या, "त्यास्नी कशाला तरास? ते गान्याचं मानूस. तुमीच या. म्हातारा लय खडूस व्हता, कुनाला रडू यीना झालंय. तुमच्याशेजारी बसलं की येतं."

गेलो ना. चांगला तासभर आधीच जाऊन बसलो. म्हटलं, न जाणो, विनायकराव यायचे.