सतरा एकांचा आकडा

गिमली गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या गुद्रून सिगुर्डसनने सहा वर्षांचे रविवार एका आकड्यापायी घालवले होते. सतरा एक ओळीने लिहिले की होणारा तो आकडा; त्याला कशाने पूर्ण भाग जातो, हे तिला शोधायचं होतं. त्याला भाग गेलाच, तर सतराने भागल्यावर एक उरणाऱ्या मूळ संख्येनेच जाईल, हे तिने शोधून काढलं होतं. मग तसल्या संख्या वाचनालयातल्या मूळ संख्यांच्या जाड पुस्तकातून लहानापासून निवडायच्या आणि भागाकार करत सुटायचं. असे नऊ हजारांवर भागाकार झाले.

गेल्या वर्षी तिने "आकडा फुटला!" म्हणून जाहीर केलं आणि गावच्या शाळेतल्या हनातिव मास्तरांनी चर्चच्या तळघरातल्या फळ्यावर सगळ्यांदेखत तिची चूक दाखवली. तेव्हापासून दुकानातसुद्धा लोक विचारत, "काय गुद्रूनबाई, फुटला का?"

आज प्रार्थनेनंतर ती पुन्हा त्याच फळ्यापुढे उभी होती. तिची बहीण थोरा कुजबुजली, "अगं, कशाला पुन्हा हसं करून घेतेस?"

गुद्रूनने दोन आकडे लिहिले. २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७.

"करा गुणाकार, मास्तर."

मास्तरांनी सहा ओळी मांडल्या आणि उजवीकडून बेरीज सुरू केली. एक. एक. पुन्हा एक. खुर्च्यांचा आवाज थांबला. आठ घरं झाली, आठही एक.

नवव्या घरात मास्तरांनी आठ लिहिला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. थोराने मान खाली घातली. गुद्रूनने फळ्यावरची नजर न हलवता ते घर मनात पुन्हा मोजलं. शून्य, दोन, दोन, दोन, पाच, सात. अठरा.

"हातचे तीन कुठे गेले, मास्तर?"

मास्तर थबकले. पुटपुटत पुन्हा मोजलं. "एकवीस," ते म्हणाले आणि आठ पुसून एक लिहिला. पुढची आठ घरं त्यांनी हातचे मोठ्याने म्हणत भरली. सगळे एक.

"आधीही कुणी फोडला असेल हा," मास्तर खडू ठेवत म्हणाले.

"असेल. मला कुठे माहीत होतं?"

"बरं, पण हा मोठा तुकडा? तो आणखी फुटत असेल तर?"

"नाही फुटायचा. फुटला असता तर त्याचा धाकटा तुकडा मला आधीच भेटला असता. ह्या लहान आकड्याखालच्या तसल्या सगळ्या संख्यांनी मी भागून बघितलंय."

मास्तरांनी मान डोलावली आणि तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली.