मायलेकांची दुभाषी

गुडगावच्या आमच्या ऑफिसात बंदरांची डिझाइनं होतात. समुद्र तिथून फार लांब आहे, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी मूळची पुण्याची. नोकरीसाठी दिल्लीला आले आणि लग्नानंतर गाझियाबादला राहिले. काही वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एक मोठं कंटेनर टर्मिनल व्हायचं ठरलं. त्याच्या भरावाचं, म्हणजे समुद्रात दगडमाती टाकून जमीन तयार करण्याचं डिझाइन आमच्या टीमकडे आलं. तिथल्या गावची माणसं गाऱ्हाणं घेऊन दिल्लीला येणार म्हटल्यावर दुभाषी म्हणून मलाच बसवलं, कारण टीममध्ये मराठी येणारी मी एकटीच होते.

नोव्हेंबर होता. पहाडगंजच्या एका लॉजवर ती मंडळी उतरली होती. सकाळी मी गाडी घेऊन गेले, तर रस्त्यापलीकडचं दुकानसुद्धा धुरात नीट दिसत नव्हतं. माझ्या शेजारी एक साठी उलटलेली कोळीण बसली. लुगड्यावर कुणाचा तरी पुरुषी स्वेटर, आणि सतत खोकला.

"बाय, हितं रोजच काय जळतं?" तिनं विचारलं.

"थंडीत असंच असतं, मावशी."

"आनि तुमी ऱ्हाता?" मग जरा थांबून म्हणाली, "तू आमच्याकडची का त्यांच्याकडची?"

"मी कुणाकडचीच नाही. तुम्ही बोलाल ते हिंदीत सांगायचं, एवढंच माझं काम."

तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मीटिंगमध्ये लांबलचक टेबलाच्या एका बाजूला गावकरी होते. समोर सरकारी अधिकारी, आणि त्यांच्या शेजारी बांधकाम करणाऱ्या कंपनीची माणसं. मावशीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. बसून बोला म्हटलं तरी बसली नाही.

"खाडीच्या तोंडाशी माजा नवरा बुडाला. त्याचं अंग मिळालं नाय. दर पुनवेला मी तिथं नारळ सोडते. तिथं तुमी दगड टाकनार. मंग मी जाऊ कुठं?"

दुभाष्यानं "त्या म्हणतात" असं म्हणायचं नसतं, थेट "मी" म्हणायचं असतं. मी हिंदीत म्हणाले, "मेरे पति वहाँ डूबे थे." माझ्याच आवाजानं मला कसंतरी झालं. एका अधिकाऱ्यानं पेन उचललं, पुन्हा ठेवलं.

तेवढ्यात कंपनीच्या बाजूला बसलेल्या, कोट घातलेल्या एका तिशीतल्या तरुणानं हात वर केला. तो कंपनीनं गावातूनच घेतलेला माणूस होता, लोकांची समजूत घालायला. तो मराठीतच बोलला. "माझा बाप पण त्याच खाडीनं नेला. त्याच पाण्यात मी का जाऊ? मासळी राहिलीय कुठे? मला नोकरी पाहिजे. टर्मिनल झालंच पाहिजे."

मी भाषांतर सुरू केलं आणि अर्ध्या वाक्यात माझ्या लक्षात आलं. मावशीकडे पाहिलं. ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसली होती, डोळ्यांची पापणी न हलवता. आधी आई म्हणून "मैं" म्हटलं होतं, आता त्याच तोंडानं मुलगा म्हणून "मैं" म्हणत होते. वाक्य पुरं केलं. करावंच लागलं.

बाहेर लॉबीत मावशीनं पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढून माझ्या हातात दिली. "त्याला दे. सुका जवला हाय. आमी बोलत नाय."

तो लिफ्टपाशी, चार पावलांवर उभा होता. मी पुडी दिली. त्यानं ती नाकाशी धरली आणि खाली बघत विचारलं, "तिला खोकला कधीपासून आहे?"

मी मागे वळून तिला विचारलं. त्याचा प्रश्न तिनं ऐकला होताच.

"सांग त्याला, हितल्या धुरानं हाय. घरी गेली का जाईल."

मी सांगितलं. मराठीतून मराठीत.

टर्मिनलला मंजुरी मिळाली, भराव पडला. माझ्या कॉम्प्युटरवरची रेषा तिकडे जमीन झाली. बांधकाम चाललं तोवर त्या मुलाला काम होतं. टर्मिनल सुरू झाल्यावर मात्र अवाढव्य क्रेनसुद्धा लांबच्या एका खोलीतून चालू लागल्या, आणि गावातल्या पोरांची गरज संपली. कंपनीनं त्याला इकडे, गाझियाबादपासून जवळच असलेल्या दादरीच्या डेपोत जागा देऊ केली. बंदरातले कंटेनर मालगाडीनं तिथं येतात. त्यानं ती घेतली.

मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "ताई, ओळखलंत का?" लॉबीत दिलेलं माझं कार्ड त्यानं जपून ठेवलं होतं. रविवारी घरी आला. चहा हातात घेऊन, न पिताच म्हणाला, "आई गेली."

खोकला गेलाच नव्हता. फोन आला तेव्हा तो ड्यूटीवर होता. गाडी पकडून गावी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं. अस्थी पुढच्या गावाच्या किनाऱ्यावर सोडल्या, कारण खाडीच्या तोंडाशी आता कुंपण आहे आणि आत जायला पास लागतो.

"कंपनीचा पास आहे ना तुझ्याकडे?"

"हितला आहे. तिथला नाही."

माझी मुलगी आतून येऊन ऐकत उभी होती. "आई, खाडी म्हणजे क्या?" मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "समुद्र गावात येतो ना, ती." तिला कळलं नाही. "अच्छा," म्हणून ती आत गेली.

हातातला कप फिरवत त्यानं विचारलं, "त्या दिवशी परत जाताना गाडीत ती माझ्याबद्दल काय बोलली?"

खोटं सांगता आलं असतं. "फक्त विचारलं, पोरानं घातलाय त्या कोटात ऊब असते का."

तो रडला नाही. कप खाली ठेवून खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

अजून तो दादरीच्या डेपोतच आहे. कधीतरी फोन करतो, गाडी आलीय, खाली करतोय म्हणतो. मागे यंत्रांचा आवाज असतो आणि त्याचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही. आमच्या टीमकडे आता दुसऱ्या किनाऱ्यावरच्या एका बंदराचं काम आलंय. तिथली भाषा मला येत नाही.