लॅमिनेट केलेली सोनोग्राफी

मंगळवारी नातीच्या सोनोग्राफीसाठी अमरावतीहून अकोल्याला, लेकीकडे गेले होते. ईशा दहा वर्षांची, तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. या आजारात फुप्फुसांसारखंच लिव्हरलाही जपावं लागतं... पित्त घट्ट होतं आणि लिव्हर हळूहळू कडक होऊ शकतं.

मागच्या वर्षी सोनोग्राफी अमरावतीला केली, तेव्हा तिचं लिव्हर जरा खरबरीत दिसलं होतं. ते वाढलं की तिथेच थांबलं, एवढंच यंदा पाहायचं होतं. त्यासाठी जुने फोटो हवे होते आणि फाइल माझ्याकडे होती.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी वह्यांना कव्हर घालायची शिस्त लावली, ती अजून सुटलेली नाही. आमच्याकडे मार्कशीटपासून रेशनकार्डापर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं असतं. आदल्या दिवशी ते फोटोही दुकानात दिले... आणि मशीनमधून काळेकुट्ट होऊन बाहेर आले. तो कागद उष्णतेनं काळा पडतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

बसमध्ये डबा उघडलाच नाही. शेवटी सेंटरवर नंबर लागायच्या आधी लेकीला सांगितलं. तिनं फाइल घेऊन काळे कागद एकेक करून पाहिले... तेच जास्त लागलं.

सोबत आलेले व्याही मात्र बोललेच. "ईहीनबाई, पोरीचं लिव्हर हाय ते, लायसन नाई! लॅमिनेट काहून केलं?"

डॉक्टरीणबाईंनी ते काळे कागद पाहिले आणि हसल्या. "असे पुष्कळ येतात हो आमच्याकडे." त्यांनी अमरावतीच्या सेंटरला फोन लावला. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये फोटो होते, थोड्या वेळात मोबाइलवर आलेसुद्धा.

ईशा टेबलावर पडली, गार जेल लागताच खुदखुदली. बाई बराच वेळ पाहत होत्या... लिव्हरची कड, प्लीहा, रक्तवाहिन्या. मग मोबाइलवरचे जुने फोटो पुन्हा पाहिले.

"आहे तेवढंच आहे, वाढलेलं नाही. पण सोनोग्राफीत सगळंच दिसतं असं नाही, रक्तही तपासून घ्या. पुढच्या वर्षी परत या."

बाहेर आल्यावर ईशानं आधी अन्न पचावं म्हणून घ्यायच्या तिच्या एन्झाइमच्या कॅप्सूल गिळल्या, मग दोन आलूबोंडे संपवले. लेकीनं एक माझ्या हातावर ठेवला. "खा आई. सकाळपासून तूही उपाशीच आहेस, दिसत नाही का मला?"

बरं झालेलं नाही, पण बिघडलंही नाही... एका वर्षापुरतं एवढं पुष्कळ आहे.