बिनखिडकीचा हॉल

पिंपरीच्या एका औषध कंपनीत कस्तुरा लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. खराळवाडीत राहायची, मॅट्रिक झालेली. काम बसूनच, पण डोळ्यांचं. इंजेक्शनच्या बोटभर बाटल्या एकेक करून दिव्यापुढे धरायच्या, हलकेच फिरवायच्या आणि आत धागा किंवा काचेचा कण तरंगतोय का ते आधी काळ्या, मग पांढऱ्या फळीसमोर बघायचं. काही दिसलं तर बाटली लाल ट्रेमध्ये. पाच वर्षं तिने हे काम जुन्या हॉलमध्ये केलं. उत्तरेला खिडक्यांची रांग, बाहेर कडुनिंब. बायका गप्पा मारत काम करायच्या, आणि कस्तुराच्या हातून खराब बाटली सहसा सुटत नसे.

चौऱ्याहत्तर साली नवा हॉल झाला. धूळ येऊ नये म्हणून त्याला खिडकीच ठेवली नव्हती. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, वर हवेच्या यंत्राची सतत घरघर. आत जायला दोन दारांची अरुंद बोळकांडी. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तोंडाला फडकं बांधल्यामुळे बोलणं संपलं. फडक्यावर नुसते डोळे दिसत. कोण हसतंय, कोण रागावलंय, कळत नसे.

पहिल्याच दिवशी कस्तुराच्या छातीत धडधडू लागलं. कशामुळे, ते तिलाच सांगता येईना. ती दर पाच मिनिटांनी मागे वळून दाराकडे बघायची. आठवडाभरात तिची भूक गेली.

मग एके सकाळी ती बोळकांडीत असतानाच लाईट गेली. दोन्ही दारं विजेवरची, दोन्ही अडकली. मिट्ट काळोख. घरघर थांबल्यावर तिला स्वतःचाच श्वास ऐकू येऊ लागला. तिने दार बडवलं, हाका मारल्या, पण फडक्यातून आवाज बाहेर जाईना. लाईट आली तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती. शेजारच्या टेबलावरच्या शालनबाईंनी तिला उठवलं.

"किती वेळ गेला?" तिने विचारलं.

"सात मिनिटं असतील, कस्तुरे. फार नाही."

त्या दिवसापासून तिला प्रत्येक बाटलीत काहीतरी दिसू लागलं. केसासारखा धागा, चमकणारा कण. चांगली म्हणून ठेवली आणि ते औषध कुणाच्या अंगात टोचलं गेलं तर? ती बाटली लाल ट्रेमध्ये टाकायची. शंभरातल्या चाळीस-चाळीस जाऊ लागल्या. त्या परत तपासल्या तर चांगल्या निघत.

"डोळं बिघडलं का गं तुझं?" तिची आई तानुबाई घाबरून म्हणाली. कंपनीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. नजर उत्तम होती. त्यामुळे कस्तुरा जास्तच घाबरली, कारण मग बिघडलं होतं ते दुसरंच काहीतरी.

सुपरवायझर दौलतरावांनी तिला बोलावलं. "कस्तुराबाई, असंच चाललं तर मला वर लिहून कळवावं लागेल."

नोकरी जाणार असं वाटल्यावर ती एकदम म्हणाली, "साहेब, एक दिवस तुम्ही माझ्या जागेवर बसा. मग काय लिहायचं ते लिहा."

दौलतराव रागावले, पण दुसऱ्या दिवशी फडकं बांधून तिच्या स्टुलावर बसले. सुरुवातीला हात भरभर चालला. दीड तासाने त्यांनी एक बाटली तीनदा फिरवली आणि लाल ट्रेमध्ये ठेवली. मग आणखी एक. शेवटी कपाळ पुसून शेजारी उभ्या असलेल्या कस्तुराला म्हणाले, "हिच्यात काही आहे का हो?"

तिने बाटली दिव्याला धरली. "नाही, साहेब. काही नाही."

वर पत्र गेलं ते वेगळंच: हॉलला खिडकी हवी. उघडणाऱ्या खिडकीला मनाई होती, पण बाहेरच्या बाजूच्या भिंतीत कायमची बंद काच बसवायला साहेबलोक तयार झाले. त्याला चार महिने लागले. तोवर दर दोन तासांनी बाहेर पडायची सुट्टी मिळाली, आणि बोळकांडीतून शालनबाई तिचं कोपर धरून नेत. काच बसली तेव्हा पलीकडे सायकल स्टँड आणि हमरस्त्याचा तुकडा दिसायला लागला. लाल ट्रे हळूहळू रिकामा राहू लागला. बोळकांडीत मात्र ती दारावर हात ठेवूनच उभी राहायची. ती सवय कधी गेली नाही.

एक्याऐंशी साली कंपनीने आणखी एक हॉल बांधायला काढला. दौलतराव तिला नकाशा बघायला घेऊन गेले. टेबलाभोवती चार इंजिनिअर. नकाशा तिला वाचता येत नव्हता. टेबलं कुठे येणार ते विचारून तिने त्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथे बसलेल्या बाईला बाहेरचं काय दिसेल?"

एका इंजिनिअरने नकाशा आपल्याकडे ओढला, बघितला आणि म्हणाला, "गोदामाची भिंत."

"मग टेबलं दुसऱ्या बाजूला घ्या," कस्तुरा म्हणाली. आवाज कापत होता, पण तिने बोट उचललं नाही. इंजिनिअरने पेन्सिल हातात घेतली.