फळ्याचं दुसरं टोक

निर्मलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धडगावच्या जीपमध्ये होतो. घाटात रेंज गेली आणि मला बरंच वाटलं... लगेच काही बोलावं लागलं नाही.

आमच्या मुलींच्या वसतिगृहात त्या इंग्रजी शिकवायच्या, मी गणित. संस्थेचा इंग्रजी वार्षिक अहवालही त्यांच्याच गळ्यात. देणगीदारांना काम वाढताना दिसायला हवं, म्हणून एका वर्षी 'लार्ज', पुढच्या वर्षी 'लार्जर', मग 'स्ट्राँगर'. विशेषणं अशी चढत्या भाजणीने यायची आणि चहा पिता पिता आम्ही त्यावर हसायचो. मग एका वर्षी दिवाळीनंतर निम्म्या मुली आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेल्या. आता काय लिहायचं? सचिव म्हणाले, मुली दोन राज्यांत पसरल्या, म्हणजे आपलं काम 'वायडर' झालं, अधिक विस्तृत. बाईंनी मान खाली घालून तसं लिहिलं. पण त्यावर त्या कधी हसल्या नाहीत. एकदा जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, लिखी तर टाकं मी. आते पोरीसकडे जावं लागी. मन्हासंगे चालशी का?" मी 'पाहू' म्हणालो. पुन्हा विचारलं तेव्हा घरच्या कामाचं निमित्त काढलं. मग त्यांनी विचारणं सोडलं. रविवारी त्या दिसायच्या नाहीत, तेव्हा माहेरी नवापूरला गेल्या असतील असं मी धरून चालायचो.

शोकसभेत सचिवांनी तेच 'वायडर'चं वाक्य बाईंच्या इंग्रजीचा नमुना म्हणून वाचून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. शेजारी सुरमी बसली होती, त्या वर्षी ऊसतोडीला गेलेल्या मुलींपैकी एक, आता नर्स झालेली. तिने अर्थ विचारला. मी जमिनीकडे बघत सांगितला.

"खरंच आहे की सर," ती म्हणाली. "बाई यायच्या ना फडावर, रविवारी. पाचटाच्या कोपीसमोर शिकवायच्या. फळ्याचं एक टोक त्या धरायच्या, दुसरं आमच्यातली कुणीतरी." मग म्हणाली, "पुढच्या वेळी सर येतील धरायला, असं दर वेळी सांगायच्या."

मला लाज वाटली. महिना होत आला, अजून वाटते.

बाईंची खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं. दारामागे त्यांचा गुंडाळी फळा उभा होता, कडेला काळी माती वाळलेली. मी एक टोक धरून तो उलगडून पाहिला... एकट्याने तो उघडा राहत नाही. हात जरा सैल झाला की पुन्हा गुंडाळला जातो.