रांजणाखालची ओल

“बाई, तुमची पोरगी मुकी हाय काय?” घरमालकीण मावशी आईला विचारत होत्या.

“नाही हो, लाजते जरा,” आई म्हणाली.

आज नांदेडच्या खोलीत माठ उचलला, खालच्या ओल्या वाळूचा वास आला आणि लातूरची ती दुपार आठवली. जिल्हा नवा होता, बाबांची बदली तिथल्या कचेरीत झाली होती आणि पावसानं पाठ फिरवली होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली; माझी मराठी ऐकून गल्लीतल्या पोरी हसायच्या, म्हणून घराबाहेरच्यांशी मी बोलणंच सोडलं होतं.

हात धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही रांजणाखालच्या वाळूत ओतायचो. वरचं पाणी त्यानं गार राहायचं. अख्ख्या घरात ओल तेवढीच. तिथे बारीक, करडे किडे जमायचे. बोट लावलं की गोळी होऊन पडायचे आणि आपण गप्प राहिलो की हळूच उलगडून चालू लागायचे. शाळेतून आले की मी त्यांच्यापाशी बसायचे. त्यांना माझ्याकडून एक शब्दही नको असायचा.

“लई झालेत की! उकळतं पाणीच ओतलं असतं, पर पाणी हाय कुठं?” म्हणत मावशींनी चुलीतली गरम राख आणली. आईनं रांजण कलता केला. सगळे किडे मिटून गोळ्या झाले.

तेव्हा वाटलं होतं, मी फक्त किड्यांसाठी बोलले. आज तसं वाटत नाही.

“मावशी, नका ना टाकू. दुसरीकडे कुठे जातील ते?”